टर्बोपर्यंतची वीतभर वाट

पेट्रोल गाडीत जळलेल्या इंधनातल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो. चाकांच्या वाट्याला येते ती जवळपास तेवढीच, पुष्कळदा त्याहून कमी. निघून जाणाऱ्या या ऊर्जेला वाटेत अडवून तिच्याकडून काम करून घ्यायचं, ही टर्बोचार्जरची कल्पना. धुराच्या वाटेत एक चक्र, म्हणजे टर्बाइन, बसवायचं, त्याच्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र, आणि या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त गेली की इंधनही जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. छोट्या गाडीच्या टर्बोतली ही चक्रं जोरात असताना मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतात.

टर्बोबद्दल आपल्याकडे आता बरंच बोललं जातं. बूस्ट किती, पिकअप कसा, लॅग किती जाणवतो याची चर्चा गाडी घेणारा प्रत्येक जण करतो. पण इंजिन आणि टर्बो यांच्या मधला जो धातूचा तुकडा आहे, ज्याला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड किंवा नळ्यांचा असेल तर हेडर म्हणतात, त्याच्याबद्दल कोणी फारसं विचारत नाही. आणि विचारलंच तर बहुतेक वेळा एकच समजूत ऐकू येते: धुराला वाट मोकळी करून दिली की इंजिन मोकळं होतं, म्हणून लांब, जाड, चकचकीत नळ्या बसवाव्यात. टर्बो नसलेल्या इंजिनात या समजुतीला आधार आहे. टर्बो असलेल्या इंजिनात ती अर्धवट खरी आहे, आणि अर्धवट खऱ्या गोष्टीवर लोक बरेच पैसे घालवतात.

आधी टर्बो नसलेल्या इंजिनाचं पाहू. धुराचा व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट नळीतून बाहेरच्या दिशेने धावते. नळी जिथे मोठ्या जागेत उघडते तिथून ही लाट उलटी फिरते, पण आता ती दाबाच्या ऐवजी पोकळीची लाट झालेली असते. धुराचा व्हॉल्व्ह मिटत आलाय आणि हवेचा व्हॉल्व्ह उघडू लागलाय, अशा नेमक्या क्षणी ती परत पोचली, तर सिलिंडरमध्ये उरलेला धूर ओढून काढते आणि त्याच्या मागून ताजी हवाही आत खेचते. ही वेळ जुळवण्यासाठी नळीची लांबी मोजूनमापून ठरवावी लागते. इंजिन ६,००० फेऱ्यांवर उत्तम चालावं असं वाटत असेल, तर ती पाऊण मीटर ते एक मीटरच्या घरात येते. शर्यतीच्या गाड्यांच्या त्या लांबलचक, एकमेकींभोवती वळलेल्या नळ्यांचं कारण हे आहे. त्या सुंदर दिसतात, पण त्यांची लांबी गणितातून आलेली असते.

आता त्याच नळीच्या टोकाला टर्बो बसवा. नळी मोकळ्या जागेत उघडतच नाही. तिच्यासमोर टर्बाइनचं अरुंद तोंड आहे. तिथून परतणारी लाट मुख्यतः दाबाचीच असते. शिवाय मॅनिफोल्डमध्ये कायमच दाब साठलेला असतो, आणि पूर्ण ताकदीवर तर तो पुष्कळ गाड्यांत बूस्टच्या दाबापेक्षाही जास्त असतो. पोकळीची लाट वेळेवर परत आणण्याचं जे काम लांब नळी करत होती, ते काम इथे जवळपास उरतच नाही. टर्बोच्या इंजिनात मॅनिफोल्डने करायचं काम वेगळं आहे. धुराचा प्रत्येक ठोका शक्य तितका अखंड, शक्य तितका गरम आणि दुसऱ्या ठोक्याशी न भिडता टर्बाइनच्या चक्रापर्यंत नेऊन पोचवायचा. त्यातली प्रत्येक अट दुसरीच्या आड येते, म्हणून हे काम कठीण आहे.

ठोका म्हणजे काय, हे इथे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. इंजिनातून धूर सलग प्रवाहासारखा बाहेर येत नाही. पिस्टन अजून खाली जातच असतो, तळाला पोचायला ४० ते ६० अंश बाकी असतात, तेव्हाच धुराचा व्हॉल्व्ह उघडतो. त्या क्षणी सिलिंडरमध्ये वातावरणाच्या काही पट दाब शिल्लक असतो. व्हॉल्व्हच्या फटीतून तो धूर आवाजाच्या वेगाने बाहेर झेपावतो. हा पहिला, तीव्र ठोका. त्यानंतर पिस्टन वर येताना उरलेला धूर ढकलून काढतो. तो भाग सावकाश आणि मवाळ असतो. टर्बाइनला हवा असतो तो पहिला भाग. त्यातली ऊर्जा वाटेत पसरली, निवाली किंवा दुसऱ्या सिलिंडरमध्ये घुसली, की ती परत मिळत नाही.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी एका स्विस अभियंत्याने ओळखली होती. आल्फ्रेड ब्यूखी याने टर्बोचार्जिंगच्या मूळ कल्पनेचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या प्रयोगांना फारसं यश आलं नाही. १९२० च्या दशकात जर्मनीच्या 'प्रॉइसेन' आणि 'हान्सेस्टाट डान्झिग' या दोन प्रवासी जहाजांवर दहा सिलिंडरांची डिझेल इंजिनं टर्बोसह बसवण्यात आली, आणि १,७५० अश्वशक्तीचं इंजिन २,५०० अश्वशक्ती देऊ लागलं. पण माझ्या मते ब्यूखीची खरी मोठी देणगी १९२५ च्या पेटंटमधली आहे. त्याने सगळ्या सिलिंडरांचा धूर एका मोठ्या पिंपात गोळा करायचं सोडून दिलं. ज्या सिलिंडरांचे ठोके एकमेकांच्या वेळेत येत नाहीत त्यांचे गट केले, आणि प्रत्येक गटाला टर्बाइनपर्यंत स्वतंत्र अरुंद नळी दिली. आज कंपन्यांच्या जाहिरातीत 'ट्विन-स्क्रोल' म्हणून जे दिसतं, त्याचा पाया हा आहे.

चार सिलिंडरांच्या गाडीत या गटांची गरज का पडते, ते पाहण्यासारखं आहे. अशा बहुतेक इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो, आणि क्रँक १८० अंश फिरला की पुढच्या सिलिंडरची पाळी येते. धुराचा व्हॉल्व्ह मात्र सुमारे २४० अंश उघडा असतो. म्हणजे १ क्रमांकाचा व्हॉल्व्ह मिटायला साधारण ६० अंश बाकी असतानाच ३ क्रमांकाचा उघडतो. १ मधला धूर आता मवाळ झालेला आहे, पिस्टन वर पोचत आला आहे, ताज्या हवेचा व्हॉल्व्ह उघडू पाहतो आहे, आणि नेमक्या त्या वेळी ३ क्रमांकाच्या सिलिंडरचा ताजा, तीव्र ठोका मॅनिफोल्डमधून उलटा आत घुसतो. निघून गेलेला गरम धूर परत सिलिंडरमध्ये येतो.

याचं नुकसान दोन बाजूंनी होतं. ३ क्रमांकाच्या ठोक्यातली जी ऊर्जा टर्बाइनला मिळायची होती तिचा काही भाग १ क्रमांकात खर्ची पडला. आणि १ क्रमांकात राहिलेल्या गरम धुरामुळे पुढच्या फेरीत आत येणारं मिश्रण आधीच तापलं. तापलेलं मिश्रण भलत्याच कोपऱ्यात आपोआप पेट घेतं, म्हणजे नॉकिंग होतं. ते टाळण्यासाठी इंजिनाचा संगणक ठिणगी उशिरा देतो, आणि ठिणगी उशिरा दिली की ताकद घटते, धूर आणखी गरम होतो. मॅनिफोल्डच्या रचनेतली चूक अशी इंजिनाच्या पोटापर्यंत पोचते. सर्वसाधारण समज असा की मॅनिफोल्डचा संबंध फक्त बाहेर जाणाऱ्या धुराशी आहे; प्रत्यक्षात आत किती शुद्ध हवा भरली जाते हेही तोच ठरवत असतो.

उपाय सोपा वाटतो. १ आणि ४ यांच्या ठोक्यांत ३६० अंशांचं अंतर असतं, २ आणि ३ यांच्यातही तेवढंच. मग १ व ४ एका नळीत, २ व ३ दुसऱ्या नळीत घ्यायचे, आणि या दोन्ही नळ्या टर्बाइनच्या चक्राला भिडेपर्यंत मधली भिंत कायम ठेवायची. मित्सुबिशीने लान्सर इव्होल्यूशनच्या चौथ्या पिढीत, १९९६ मध्ये, अशी विभागलेली टर्बाइन दिली. सलग सहा सिलिंडरांच्या इंजिनात क्रम १-५-३-६-२-४ असतो, त्यामुळे पुढचे तीन आणि मागचे तीन असे गट सहज पडतात. प्रत्येक गटात ठोके २४० अंशांनी येतात. बीएमडब्ल्यूने २००६ मध्ये आपल्या सहा सिलिंडरी इंजिनाला दोन टर्बो लावले होते, आणि २००९ मध्ये त्या जागी दोन कप्प्यांचा एकच टर्बो आणला. आठ सिलिंडरांच्या बहुतेक व्ही-इंजिनांत मात्र एका बाजूच्या चार सिलिंडरांचे ठोके समान अंतराने येत नाहीत. त्यासाठी बीएमडब्ल्यूनेच एक्स५ एम आणि एक्स६ एम या गाड्यांत डावीकडच्या आणि उजवीकडच्या सिलिंडरांच्या जोड्या लावून नळ्या एका बाजूकडून दुसरीकडे नेल्या. त्या गुंतागुंतीच्या नळ्या पाहिल्या की एका ठोक्यासाठी लोक किती कष्ट घेतात ते कळतं.

नळ्यांच्या लांबीचा प्रश्न इथून सुरू होतो. सगळ्या नळ्या समान लांबीच्या असाव्यात, असं हेडर विकणारे आवर्जून सांगतात. किती फरक पडतो ते मोजता येतं. ९०० अंश सेल्सिअसच्या धुरात आवाजाचा वेग सेकंदाला साडेसहाशे मीटरच्या पुढे जातो. वाटेतलं निवणं धरून आपण ६०० घेऊ. एक नळी दुसरीपेक्षा ३० सेंटिमीटर लांब असेल तर तिचा ठोका अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचेल. ६,००० फेऱ्यांवर अर्ध्या मिलिसेकंदात क्रँक १८ अंश फिरतो, २,००० फेऱ्यांवर फक्त ६ अंश. म्हणजे शर्यतीत, जिथे इंजिन सतत वरच्या फेऱ्यांत असतं, तिथे हा फरक महत्त्वाचा. शहरात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये २,००० च्या आसपास चालणाऱ्या गाडीत तो किरकोळ.

असमान नळ्यांचं जगात सगळ्यांत गाजलेलं उदाहरण सुबारूचं आहे, आणि ते लोकांनी कानांनी ओळखलं. सुबारूच्या इंजिनात दोन सिलिंडर उजवीकडे आणि दोन डावीकडे आडवे असतात. १ आणि ३ उजवीकडे, २ आणि ४ डावीकडे, आणि ठिणगीचा क्रम १-३-२-४. टर्बो उजव्या बाजूला असल्यामुळे डावीकडचा धूर इंजिनाखालून लांबून आणावा लागतो, त्याचे ठोके उशिरा येतात. परिणाम असा की १ नंतर ३ ठरल्या वेळी येतो, मग २ यायला जास्त वेळ लागतो, ४ पुन्हा ठरल्या अंतराने, आणि त्यानंतरचा १ लवकर. ही लंगडी लय म्हणजेच इम्प्रेझाची ती प्रसिद्ध धडधड. रॅलीच्या चाहत्यांना तो आवाज प्राणप्रिय आहे. पण सुबारूच्या अभियंत्यांनी २००३ च्या लेगसीत जपानी बाजारासाठी समान लांबीच्या नळ्या आणि विभागलेली टर्बाइन दिली, तेव्हा टर्बो लवकर जागा होऊ लागला आणि धडधड संपली. ज्यांना फक्त आवाज हवा होता ते नाराज झाले. मला तो आवाज आवडतो, पण अभियंत्यांचा निर्णय बरोबर होता असंच मी म्हणेन.

एवढं वाचून वाटेल की समान लांबीच्या लांब नळ्या हेच उत्तर. पण आता दुसरी अट आडवी येते. ४० मिलिमीटर आतल्या व्यासाची ६० सेंटिमीटर लांब नळी घेतली तर तिच्या पोटात पाऊण लिटर जागा असते. अशा चार नळ्यांची मिळून तीन लिटर. इंजिन दोन लिटरचं असेल तर एका सिलिंडरची क्षमता अर्धा लिटर. अर्ध्या लिटरच्या सिलिंडरमधून सुटलेला ठोका त्याच्या दीडपट पोकळीतून धावत जाताना पसरतो आणि मवाळ होतो. शिवाय त्या चार नळ्यांचा बाहेरचा पृष्ठभाग तीन हजार चौरस सेंटिमीटरच्या वर जातो, आणि तो सगळा तापून लालभडक होऊन बॉनेटखालच्या हवेला उष्णता देत राहतो. शेतात पाट जितका लांब आणि रुंद काढावा तितकं पाणी वाटेतच मुरतं आणि शेवटच्या वाफ्याला उशिरा पोचतं, तसंच इथे होतं. धुराची उष्णता ही टर्बाइनची मजुरी आहे. वाटेत ती गेली की टर्बो उशिरा फिरू लागतो.

म्हणून जुन्या पद्धतीचा आखूड मॅनिफोल्ड, ज्यात सगळे सिलिंडर एकाच आडव्या नळकांड्यात धूर सोडतात, तो दिसायला ओबडधोबड असला तरी टाकाऊ नाही. त्याचं पोट लहान, पृष्ठभाग कमी, आणि टर्बो इंजिनाला जवळजवळ चिकटलेला. पायाखाली ॲक्सिलरेटर दाबला की तो पटकन उत्तर देतो. वरच्या फेऱ्यांत मात्र ठोक्यांची टक्कर वाढते आणि तो इंजिनाचा श्वास कोंडतो. या आखूड मॅनिफोल्डची कमाल २०१४ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये दिसली. त्या वर्षी १.६ लिटरचं टर्बो व्ही-६ इंजिन सक्तीचं झालं, आणि टर्बोच्या दांड्यावर वीज निर्माण करणारं यंत्र बसवायला मुभा मिळाली. टर्बाइनपर्यंत पोचणाऱ्या ऊर्जेला दुप्पट किंमत आली. बाकीच्या इंजिन बनवणाऱ्यांनी लांब, समान नळ्या ठेवल्या. मर्सिडीजने आखूड, गुटगुटीत मॅनिफोल्ड निवडला. त्या मोसमातल्या १९ शर्यतींपैकी १६ मर्सिडीजने जिंकल्या. विजयाची कारणं अनेक होती, सगळं श्रेय मॅनिफोल्डला देणं अन्यायाचं होईल. पण जगातल्या सगळ्यांत महागड्या कारखान्यात बसून काही हुशार माणसांनी लांब नळ्या नाकारल्या, एवढं लक्षात ठेवावं.

आता आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांकडे येऊ. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात आलेली लहान टर्बो पेट्रोल इंजिनं पाहिली तर त्यांतली पुष्कळ तीन सिलिंडरांची आहेत. लोक याकडे काटकसर म्हणून पाहतात, आणि खर्च हे एक कारण आहेच. पण ठोक्यांच्या दृष्टीने तीन सिलिंडर हे वरदान आहे. तीन सिलिंडरांत ठोके २४० अंशांनी येतात आणि धुराचा व्हॉल्व्हही साधारण तेवढाच वेळ उघडा असतो. एकाचा मिटता मिटता दुसऱ्याचा उघडतो. टक्कर जवळपास होतच नाही; मधली भिंत लागत नाही, दोन कप्प्यांची महागडी टर्बाइन लागत नाही. त्यामुळे कमी फेऱ्यांवर दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदम उघडे ठेवून बूस्टच्या हवेने उरलेला धूर स्वच्छ धुऊन काढता येतो. १,५०० ते २,००० फेऱ्यांत या छोट्या इंजिनांचा जो जोर जाणवतो, त्यात या धुऊन काढण्याचा मोठा वाटा आहे.

फोर्डने २०१२ मध्ये युरोपात आणलेलं एक लिटरचं इकोबूस्ट इंजिन या विचाराचा सुरेख नमुना होतं. २०१३ मध्ये ते इकोस्पोर्टमधून भारतात आलं: ९९९ सीसी, तीन सिलिंडर, १२५ पीएस. त्यात वेगळा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच नव्हता. धुराच्या वाटा ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमध्येच ओतलेल्या होत्या आणि टर्बो थेट हेडला बोल्टने आवळलेला. स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या एक लिटर टीएसआय इंजिनाची रचनाही तशीच. आपल्या पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या कुशाक आणि टायगुनमध्ये ते ११५ पीएस आणि १७८ न्यूटन-मीटर देतं.

हेडमध्येच मॅनिफोल्ड ओतण्यात मला खरी बुद्धिमत्ता दिसते ती पाण्याच्या बाबतीत. त्या वाटांभोवती कूलंटचं पाणी खेळवलेलं असतं. थंड सकाळी गाडी सुरू केली की धुराची उष्णता थेट पाण्याला मिळते, इंजिन लवकर तापतं आणि इंधन वाचतं. उलट महामार्गावर पूर्ण जोरात असताना तेच पाणी धुराची उष्णता थोडी काढून घेतं. मी वर म्हटलं की उष्णता ही टर्बाइनची मजुरी. मग ती पाण्याला का द्यायची? कारण पेट्रोल इंजिनाचा धूर पूर्ण ताकदीवर ९५० ते १,०५० अंशांपर्यंत जातो आणि टर्बाइनचं चक्र याहून जास्त सोसत नाही. पूर्वी अशा वेळी चक्र वाचवण्यासाठी जादा पेट्रोल ओतून धूर थंड केला जाई. ते पेट्रोल जळत नसे, नुसतं शीतकाचं काम करून काळ्या धुरातून निघून जाई. पाण्याने तेच काम केल्यावर हे जादा पेट्रोल वाचतं आणि प्रदूषणही घटतं. भारतात १ एप्रिल २०२३ पासून गाड्यांचं प्रदूषण प्रत्यक्ष रस्त्यावर मोजण्याचे नियम आले, तेव्हापासून ही गोष्ट कंपन्यांसाठी आणखी महत्त्वाची झाली आहे. बदल्यात रेडिएटर मोठा लागतो. माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे.

जिथे मॅनिफोल्ड वेगळा असतो तिथे धातूचा प्रश्न येतो. आपल्याकडे कारागीर ज्याला बीड म्हणतात ते ओतीव लोखंड पिढ्यानपिढ्या या कामाला वापरलं गेलं. डिझेलचा धूर पेट्रोलपेक्षा थंड, साधारण ८०० अंशांच्या आसपास थांबणारा, त्यामुळे सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं बीड तिथे वर्षानुवर्षं टिकतं. रांजणगावच्या कारखान्यातून निघालेलं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल किती गाड्यांत किती लाख किलोमीटर चाललं हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको. त्या वर्गातल्या इंजिनांत मॅनिफोल्ड हा क्वचितच तक्रारीचा विषय झाला. पेट्रोल टर्बोत हजार अंश सोसायचे तर निकेल जास्त असलेलं ओतकाम किंवा उष्णतारोधक स्टेनलेस पोलाद लागतं, आणि किंमत वाढते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत काम केलेल्या कोणालाही विचारा. धातूचा दर्जा एक पायरी वर नेला की भट्टी, साचे, नाकारलेले नग, सगळ्यांचा खर्च कसा वाढतो ते तो सांगेल.

नळ्यांच्या हेडरचं दुखणं आणखी वेगळं. स्टेनलेस पोलाद तापलं की बीडापेक्षा जास्त पसरतं. ४० सेंटिमीटरची नळी ८०० अंशांनी तापली तर पाच मिलिमीटरहून अधिक वाढते. तिची दोन्ही टोकं बोल्टने आवळलेली असतात. वाढायला जागा नाही मिळाली तर ती वाकते, पॅकिंग कुरतडते किंवा सांध्यापाशी चिरते. त्यात टर्बोचं काही किलोंचं वजन त्याच नळ्यांवर लटकत ठेवलं तर ती चीर लवकर येते. चांगला कारागीर टर्बोला स्वतंत्र आधार देतो, नळ्या जिथे एकत्र येतात तिथे त्या अगदी लहान कोनात मिळवतो, आणि आर्गॉन वेल्डिंग करताना नळीच्या आतूनही आर्गॉन सोडतो. तसं न केल्यास सांध्याच्या आतल्या बाजूला खडबडीत, जळकी कड तयार होते. ती धुराला अडवते, आणि पुढेमागे तिचा कपचा सुटला तर तो लाखभर फेऱ्यांनी फिरणाऱ्या चक्रावर जाऊन आदळतो. हेडर विकत घेताना बाहेरची चकाकी सगळे पाहतात. आतली कड बोट घालून पाहावी.

वेस्टगेट, म्हणजे बूस्ट जास्त झाला की धुराला टर्बाइन चुकवून बाहेर काढणारं दार, हाही मॅनिफोल्डच्याच रचनेचा भाग आहे. ते दार धुराच्या वाटेत सरळ पडायला हवं. काटकोनात किंवा उलट्या दिशेने वळणाऱ्या नळीवर बसवलं तर दार पूर्ण उघडूनही धूर तिकडे वळत नाही, आणि बूस्ट ठरवलेल्या मर्यादेच्या वर सरकत जातो. दोन कप्प्यांच्या मॅनिफोल्डमध्ये दोन्ही कप्प्यांना सारखी वाट द्यावी लागते. पण ती देताना मधली भिंत फोडली तर ज्या विभागणीसाठी सगळा खटाटोप केला तीच मोडते. बाहेरून बनवून घेतलेल्या अनेक हेडरांत नेमका हा दोष सापडतो.

टर्बाइनच्या पुढची गोष्ट निराळी आहे. चक्रातून बाहेर पडलेल्या धुराला मात्र खरोखरच मोकळी वाट हवी असते, कारण चक्राच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांतल्या फरकावरच ते फिरतं. 'मोकळी वाट' ही जुनी समजूत टर्बोच्या पुढे लागू पडते, मागे नाही. पण तिथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो. तो काढून टाकला की बीएस-६ ची गाडी बीएस-६ राहत नाही, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत असे बदल करायला मनाई करतं. ही हवा आपली मुलंही घेतात; तेवढ्या ताकदीसाठी ती बिघडवण्याचा हक्क कोणालाच नाही.

तुमच्या टर्बो गाडीचा पिकअप अलीकडे मंदावला असेल, तर नवा हेडर शोधण्याआधी आहे तो मॅनिफोल्ड तपासून घ्या. गाडी थंड असताना सुरू करून बॉनेट उघडं ठेवा. हेडपाशी किंवा टर्बोच्या सांध्यापाशी टिकटिक किंवा फुसफुस ऐकू आली आणि तिथे काजळीचा पट्टा दिसला, तर ठोका वाटेतच गळतो आहे. पॅकिंग आणि बोल्ट बदलणं हे तिथे कोणत्याही चकचकीत नळीपेक्षा जास्त उपयोगाचं. तुमच्या इंजिनात मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असेल तर हेडरचा विषय तिथेच संपतो. तो बसवायला जागाच नाही. आणि वेगळा मॅनिफोल्ड असलेली चार सिलिंडरी गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर नेण्यासाठी हेडर बनवून घ्यायचाच असेल, तर बनवणाऱ्याला विचारा: कोणते दोन सिलिंडर एकत्र घेणार, नळी किती लांब आणि का, टर्बोचं वजन कशावर टेकणार, वेस्टगेटची वाट कुठून काढणार. या चारही प्रश्नांची कारणांसह उत्तरं मिळाली नाहीत, तर त्याला काम देऊ नका.